दादाचा उभा ऊस

११ जानेवारी, रविवार

कुरणवाडीत येऊन पंधरवडा झाला आणि अजून कुणाशी भांडण झालेलं नाही. नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी काय मोठं मागत होतो? जिन्यातली चपलांची कपाटं हलवा, गॅसची टाकी पॅसेजमध्ये ठेवू नका, गच्चीच्या दाराला कुलूप घालू नका. आख्खी नोकरी अग्निशमन दलात काढलेला माणूस दुसरं काय सांगणार? शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे चिरंजीव अर्णवच उठून म्हणाले, "बाबा, चार महिने गावाला जाऊन या. तुम्हालाही बदल आणि बिल्डिंगलाही." त्यावर मधू हसली. बायको हसली ते जास्त लागलं.

इथे माझ्या थोरल्या भावाच्या, आकारामदादाच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या आहेत. दादा सत्तरीचा, पण अजून पहाटे शेतात असतो. त्याचा मुलगा सम्राट ट्रॅक्टर चालवतो, भाड्यानं फवारणीही करून देतो. वहिनी, म्हणजे बायडाबाई, दिवसभर जनावरांत.

दादा मात्र यंदा गप्प आहे. त्याचा तीन एकर ऊस दीड वर्षाचा झाला तरी उभाच. डिसेंबरातच तुटायला हवा होता. पण शेत पाणंदीच्या टोकाला, ट्रॉली रुतते, म्हणून तोडणीच्या टोळ्या रस्त्याकडेचे फड आधी धरतात. उसाला तुरे आलेत, रोज वजन घटतंय. त्यात कारखाना यंदा लवकर बंद होणार अशी बोलवा आहे. एकदा धुराडं थंड झालं की उभ्या उसाला कुणी विचारत नाही. दीड वर्षाचं राबणं जनावरांपुढं टाकायचं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हल्ली रात्री उठून बसत्यात, बघा."

१८ जानेवारी, रविवार

आज गावाच्या खालच्या अंगाला कुणीतरी पाचट पेटवलं. तुटलेल्या उसाचा पाला जागेवरच जाळून टाकायचा, ही इथली जुनी खोड. वारा फिरला आणि शेजारच्याची ठिबकची सगळी नळी वितळून गेली. लोक झाडाच्या फांद्या घेऊन आगीला झोडपत होते. बंब लांबून येणार, तोवर राख. मला बघवेना.

परत येताना सम्राटच्या ट्रॅक्टरला जोडलेला फवारणीचा ब्लोअर पाहिला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यात औषधाऐवजी पाणी भरलं तर? दाब भरपूर, नळी लांब. मागे एक टँकर जोडला की गावचा स्वतःचा बंब तयार. सम्राटला सांगितलं तर तो म्हणाला, "तात्या, येडं हाईसा काय?" आणि मग थोडा विचार करून, "पर हुईल की."

सरपंच क्रांतीताई तरुण आहेत, वकिली शिकलेल्या. त्यांनी लगेच होकार दिला. कुरणवाडी ग्राम अग्निशमन पथक. पथकप्रमुख: नृसिंह इंगवले. मधू म्हणाली, "झालं, लागला बंब गावाच्या मागं."

२६ जानेवारी, सोमवार

ग्रामसभेत माझं भाषण झालं. चांगलं झालं असं मला वाटतं. पाचट जाळू नका, त्याची कुट्टी करून सरीत दाबा, जमीन सुधारते. जाळणं नियमात बसत नाही. आणि एवढं सांगूनही कुणी जाळणारच असेल, तर निदान अक्कल वापरा. दिवस कलताना वारा पडतो, तेव्हाच. शेजाऱ्याच्या बांधालगत सहा फूट पट्टा साफ करा. वारा जिकडे जातो तिकडची कड आधी जाळून घ्या, म्हणजे आग पुढे सरकायला काही उरत नाही.

प्रश्न विचारणारा एकच निघाला, सयाजी. दादाचा बांधकरी. अकरा वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. पहिल्या रांगेत बसून त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "उभ्या उसाला बी ह्योच हिशेब का?" मी म्हटलं, शास्त्र सगळीकडे एकच. दादा मागे खांबाला टेकून बसला होता. त्यानंही कान टवकारलेले दिसले. बरं वाटलं.

घरी आल्यावर मधू म्हणाली, "तुम्ही जाळू नका म्हणून सांगत होता, का कसं जाळायचं ते शिकवत होता?" हिला कुठल्याच गोष्टीचं कौतुक नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आज फार समाधान वाटलं. दादानं आपणहून पथकाच्या कामात रस घेतला. सकाळी चहाच्या वेळी विचारत होता, सांजचा वारा ह्या दिवसांत कुठनं सुटतो, पट्टा सहा फूट पुरतो का आठ करावा. मी ओसरीवर खडूनं आकृती काढून समजावलं. आणि दुपारी शेतात गेलो तर काय, दादा एकटा खुरपं घेऊन सयाजीच्या बांधालगतचा पाला ओढून पट्टा साफ करत होता! ज्याचं तोंड बघत नाही त्याच्या बाजूनं! मला भरून आलं. म्हटलं, "दादा, तुझ्यासारखे चार शेतकरी गावात असते तर पथकाची गरजच नव्हती." तो खुरपत राहिला.

कारखाना बावीस तारखेला बंद होणार हे आता नक्की. दादा कारखान्याच्या गट ऑफिसात पुन्हा जाऊन आला. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा पोरगा, ज्याला सगळे चिटबॉय म्हणतात, तो "बघतो" एवढंच म्हणाला.

४ फेब्रुवारी, बुधवार

उद्या पथकाचा अचानक सराव घ्यायचा बेत केला आहे. अचानक म्हणजे अचानकच. सम्राटला दादानं ट्रॅक्टरच्या कसल्याशा सुट्या भागासाठी उद्या दुपारी जयसिंगपूरला धाडायचं ठरवलं होतं. मी सम्राटला बाजूला घेऊन सांगितलं, जाऊ नकोस, आणि बापाला बोलू नकोस, नाहीतर गावभर होईल. पाणी भरून शाळेच्या मैदानावर पाचला हजर. पोरगं हुकमाचं आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सराव सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. पथकाचे आठही गडी जमलेले, ब्लोअर भरलेला. एवढ्यात पाटाच्या पलीकडे धूर दिसला. पांढरा नाही, काळा-पिवळा. उभा ऊस पेटल्याचा धूर. सम्राट ओरडला, "तात्या, आमच्याच अंगाला हाय!" ट्रॅक्टर असा पळवला की टँकर उलटतो की काय असं वाटलं.

दादाच्या फडाची पूर्वेची कड धडधडत होती. दादा बांधावर उभा, डोक्याला टॉवेल, हात मागं बांधलेले. धक्क्यानं माणूस कसा दगड होतो ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. मी ओरडलो, "दादा, सरक मागं!" तो म्हणाला, "नरसू, ऱ्हाऊ दे. ट्रॅक्टर आत घालू नगंस." मी नळी ओढली तर माझा दंड धरून म्हणाला, "आरं जळू दे! जळू दे जळतंय त्ये!" शाहूपुरीत एका व्यापाऱ्याचं गोदाम जळत होतं तेव्हा तोही असंच बडबडत होता. मी त्याला हलकेच बाजूला सारलं.

सम्राटसुद्धा बापाकडे बघून मध्येच पंप बंद करून उभा राहिला. मला असा राग आला. "पाणी सोड!" म्हणून खच्चून ओरडलो तेव्हा कुठे त्यानं मूठ ओढली. पुढचं सगळं पुस्तकात लिहावं असं झालं. दोन गड्यांना मधल्या सरीत घालून ऊस आडवा पाडून घेतला, आगीचं खाणं तोडलं, दोन्ही बाजूंनी पाणी. एक एकर गेला. दोन एकर जसाच्या तसा उभा वाचला. दोन एकर!

सयाजी त्याच्या बांधावर उभा राहून नुसता बघत होता. त्याची मोटर तिथंच आहे, पण सोडली नाही. हे मी ध्यानात ठेवलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रामपंचायतीत पथकाचा सत्कार झाला. हार, नारळ, फोटो. क्रांतीताई चार शब्द बोलल्या, पण मला त्या जरा अवघडल्यासारख्या वाटल्या. टाळ्याही बेताच्याच. गावाला कौतुक करायची सवय नसते. दादा आला नाही. वहिनी म्हणाल्या, पाय दुखतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

जळलेल्या एकराला लगेच टोळी आली. जळीत ऊस पडून राहिला तर वाया जातो, म्हणून कारखाना तो आधी उचलतो, थोडी कपात करून. तोडकऱ्यांनाही तो बरा, पाला सोलावा लागत नाही. दिवसात फड मोकळा झाला.

पण राहिलेल्या दोन एकराला टोळीचा मुकादम हात लावायला तयार नाही. "हिरवा हाय, मालक. गडी आता कट्टाळलीत, गावाकडं तोंड लागलीत त्येंची." टोळी ट्रॅक्टरवर बसून निघून गेली.

दादा बांधावर बसला होता. मी शेजारी बसून म्हटलं, "दादा, जीव थोडा करू नकोस. दोन एकर तर वाचला." त्यानं माझ्याकडं बघितलं. असं बघणं मला आवडलं नाही. म्हणाला, "व्हय. वाचला की." आणि उठून गेला. इतकं करून आभाराचा एक शब्द नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?

९ फेब्रुवारी, सोमवार

आगीचं कारण शोधायला आज शेतात गेलो. तिथून विजेची तार जात नाही. विडीचं थोटूकही नाही. पण पूर्वेच्या कडेला पाचट पिळून केलेले तीन पलिते अर्धवट जळून पडलेले सापडले, एका ओळीत, सारख्या अंतरानं. म्हणजे आग लावलेली आहे! आणि लावणारा माहितगार. वारा कुठं जाणार ते बघून त्याच अंगाची कड आधी पेटवलीय, दिवस कलताना, वारा पडल्यावर. अगदी माझ्या भाषणाबरहुकूम. एक अग्निशामक म्हणून मला त्याच्या कामाला नाव ठेवता येत नाही, आणि म्हणूनच संताप येतो.

म्हणजे हा माणूस माझ्या भाषणाला हजर होता. उभ्या उसाविषयी प्रश्न कुणी विचारला होता? मोटर असून पाणी कुणी सोडलं नाही? दादाशी अकरा वर्षांचं वैर कुणाचं? मला आणखी पुरावा नको.

११ फेब्रुवारी, बुधवार

क्रांतीताईंकडे जाऊन पोलीस चौकीत तक्रार द्यायचं बोललो. त्या वकिली शिकलेल्या, मला वाटलं उडी मारतील. तर म्हणाल्या, "तात्या, ऊस दादांचा. तक्रार त्यांनी द्यायला पायजे न्हवं? त्यांना विचारलासा?" मी म्हटलं, दादा घाबरलेला आहे. "मग थांबूया की थोडं." मी विचारलं, कशासाठी थांबायचं? त्यांनी उगीच पदर सारखा केला आणि चहा मागवला. राजकारण. सयाजीच्या भावकीची मतं असणार.

सम्राट तीन दिवस पथकाकडे फिरकलेला नाही. ट्रॅक्टर बिघडलाय म्हणतो. त्याच ट्रॅक्टरवरून सकाळी शेण टाकायला गेलेला मी पाहिला.

मधूला सगळं सांगितलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "अहो, तुम्ही एकदा दादांच्या जवळ बसून त्यांनाच विचारा. सयाजींचं राहू द्या बाजूला." मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? ती म्हणाली, "काही नाही. नुसतं बसा." ह्या बाईला तपास म्हणजे काय ते कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सयाजीनं कबूल केलं!

सकाळी आपणहून ओसरीवर येऊन बसला. दादा शेतात होता, ते बघूनच आला असणार. अकरा वर्षांत त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. मधूनं चहा दिला.

"चौकीत कागद देणार हाईस म्हणं?"

"देणार."

"कुणाचं नाव घालतोस?"

मी त्याच्या डोळ्यांत रोखून बघितलं. "तूच सांग."

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला. मग म्हणाला, "माझंच घाल की."

मी थक्क झालो. म्हटलं, "म्हणजे तू लावलीस?"

"आता नाव घाल म्हंतोय न्हवं? पर एक कर, नरसू. कारखाना बंद हुईस्तवर दम काढ. आठधा दिसानं काय बिघडतंय? मग म्हणशील तितं सही ठोकतो." आणि जाताना मधूला सांगून गेला की चहा झकास झाला, साखर जरा कमी.

मधू कप विसळायला उचलून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते.

एक गोष्ट टोचते. गुन्हेगार मी पाहिलेत, ते असे येऊन चहा पिऊन जात नाहीत. पण कबुली ती कबुली. उद्या जेवताना दादाला सांगेन. त्याच्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू?

जेवायला बसलो होतो. दादा, मी, सम्राट. वहिनी भाकरी थापत होत्या, मधू वाढत होती. मी जरा खाकरून सांगितलं, दादा, आग लावणारा सापडला. सयाजीनं माझ्यासमोर कबूल केलं.

दादाचा घास हातातच राहिला. "सयाजी म्हणाला? सवताच्या तोंडानं?"

"माझंच नाव घाल म्हणाला."

दादानं घास ताटात ठेवला. ताट सरकवलं. चुलीतल्या जाळाकडे बघत बसला. वहिनींचा हात परातीत थांबला होता. मग तो म्हणाला, "त्येनं न्हाई. म्या लावली."

मला कळेचना. मी म्हटलं, "दादा, कुणाला घाबरतोस?"

"आरं घाबरतोय कुणाला? म्या लावली म्हंतोय!" एवढा मोठा आवाज त्यानं मला कधी लावला नव्हता, लहानपणीसुद्धा. "जळीत झाला की टोळी येती. सारं गाव करतंय. गट ऑफिसात हेलपाटं घालून घालून चपला झिजल्या माझ्या. बावीसला धुराडं बंद. मग काय करायचं, बांधावर बसून तुरं मोजायचं? पट्टा साफ केला, वारा पडायची वाट बघितली, ह्या पोराला गावाबाहीर लावलं. अर्ध्या तासात तिन्ही एकर मोकळा झाला असता. तर तू आलास फौज घिऊन."

मग हळू आवाजात म्हणाला, "पोरागत वाढिवलेला ऊस हाय, नरसू. काडी लावताना हात कापलं माझं. त्यात तू अर्ध्यात इजवलास. आता पुन्यांदा न्हाई हुयाचं माझ्यानं."

सम्राट मान खाली घालून म्हणाला, "तात्या, बांधावर आबाला बघितलं तवाच मला समजलंतं." मी मधूकडे बघितलं. तिलाही. वहिनींनाही. क्रांतीताईंना, गावाला, सत्काराला आलेल्या प्रत्येकाला. हार गळ्यात घालून मी फोटो काढून घेत होतो तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी मला हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आणि सयाजी. आकारामला चौकीत जाऊन बसावं लागू नये म्हणून तो माणूस स्वतःचं नाव द्यायला आला होता, ते मी कबुली म्हणून इथे उद्गारचिन्ह घालून लिहिलंय.

मला फार लाज वाटते आहे. भाकरी तिघांच्याही ताटात तशीच राहिली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस लिहिलं नाही. आज कपाटातून जुना गणवेश काढून इस्त्री केला, घातला आणि कारखान्याच्या शेती ऑफिसात गेलो. म्हटलं, सरळ मार्गानं होतंय का बघू. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर दादाचं नाव काढून दाखवलं. पाळी होती डिसेंबरात. मग का तुटला नाही? ट्रॉली रुतते म्हणून टोळीनं नकार दिला. मग आता? आता टोळ्या परत निघाल्यात, काका. बावीसपर्यंत हिरव्याला मिळणं कठीण. जळीत असता तर उद्या पाठवली असती.

"म्हणजे आग लावायची का?"

"तसं आम्ही कसं म्हणू?" बिचारा खरोखर अवघडला. त्याच्यावर तरी काय ओरडणार?

एसटीत बसल्यावर मनात एकच घोळत होतं. दीड वर्ष शिस्तीत ऊस वाढवणाऱ्याला पाळी नाही, आणि जाळणाऱ्याला उद्या. नियम करणाऱ्यानं जाळण्यालाच बक्षीस लावून ठेवलंय आणि मी ग्रामसभेत लोकांना अक्कल शिकवत होतो. मी जे सांगितलं ते चूक नव्हतं. पण दादाचा ऊस त्यात कुठेच नव्हता.

घरी आल्यावर मधूला म्हटलं, "मी एक करायचं म्हणतोय. तुला आवडणार नाही."

ती म्हणाली, "मला काय ते माहीत आहे. पथकाचा राजीनामा आधी देणार का नंतर?"

"नंतर."

"मग आधी जेवून घ्या."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आधी क्रांतीताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी हे ऐकलेलं न्हाई, तात्या. पर किती वाजता?" मग बांधाला लागून असलेल्या चौघांच्या घरी जाऊन सांगितलं. शेवटी सयाजीकडे. त्याची माफी मागायला गेलो होतो, पण त्यानं तोंडच उघडू दिलं नाही. "माझी मोटर चालू ठिवतो. पाण्याची चिंता करू नगंस."

दादाला मी काही विचारलं नाही. चल म्हटलं, आला.

दुपारभर पथकानं राबून चारी बाजूंनी बारा फुटांचा पट्टा काढला. सहा फूट पुरतो, पण मला बारा हवा होता. पट्ट्याची माती भिजवली. सम्राटला आणि दोघांना सऱ्यांतून डबे बडवत फिरवलं, ससे-मुंगसं बाहेर निघावीत म्हणून. तीन ससे निघाले, एक घोरपड. टँकर दोन ठिकाणी लावले. सम्राट म्हणाला, "तात्या, एवढी तयारी इजवायला बी केली नव्हती आपुन."

दिवस कलायला लागला तसे लोक येऊ लागले. पाठीवर फवारणीचे पंप, त्यात पाणी. कुणी म्हणालं सहज आलोतो, कुणी म्हणालं वैरणीला निघालोतो. पंप पाठीवर घेऊन वैरणीला कोण निघतं? ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बांधावर उभा राहिला. एकानंही मला काही विचारलं नाही. वहिनी आणि मधू लांब चिंचेखाली थांबल्या होत्या.

वारा पडला. मी माती उडवून दोनदा बघितलं. मग काडेपेटी काढली.

आजवर मी आगीपाशी गेलो तो नेहमी पाणी घेऊन. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वारा नव्हता, माझा हात हलत होता. तेव्हा दादा पुढे आला. त्यानं आपल्या दोन्ही हातांची ओंजळ माझ्या हाताभोवती धरली. तिसरी काडी पेटली ती त्याच्या ओंजळीत. दोघांनी मिळून ती पाचटाला लावली.

मग ऊस कडाडत पेटला. आधी ठरवलेली कड, मग दोन बाजू, मग मधला फड. ज्वाळा तुऱ्यांच्या वर गेल्या आणि खाली आल्या. एक ठिणगी पट्ट्याबाहेर पडली नाही. मला काही करायचं नव्हतं. पेटत्या आगीसमोर नुसतं उभं राहायचं, हे मला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. मी रडत होतो. दादानं टॉवेलनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाला, "लई धूर हाय." धूर आमच्या बाजूला नव्हता.

अंधार पडायच्या आत सगळं विझलं. पाला गेला, काळा ऊस तेवढा उभा राहिला. मुकादम कुठून उगवला कुणास ठाऊक. एक कांडं मोडून चोखलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी टोळी लावतो."

माणसं पांगली. सयाजी त्याच्या बांधावर पाइप गुंडाळत होता. दादा पट्टा ओलांडून गेला आणि बांधाच्या अलीकडे थांबला. मी जरा मागे होतो, पण ऐकू आलं.

"सयाजी, चौकीत तुझं नाव कशापायी घालत हुतास रं?"

सयाजी पाइप गुंडाळतच राहिला. "तू घातलं न्हसतंस माझ्यासाठनं?"

दादानं बराच विचार केला. माझा भाऊ खोटं बोलत नाही. "न्हाई. न्हसतं घातलं."

"आणि आता?"

"आता बघू की," दादा म्हणाला. आणि बांधावरून हात पुढे करून त्यानं त्या ओल्या पाइपाचं दुसरं टोक धरलं. दोघं म्हातारे ओढाताण करत गुंडाळत राहिले, आणि दोघांपैकी एकालाही ते नीट जमत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

टोळी उजाडायच्या आधीच आली. पहिली ट्रॉली भरून पाणंदीत रुतली, तर सयाजीनं स्वतःचा बांध फोडून तिला वाट दिली. तोडकरी कमी पडताहेत. पथकाला हाक दिलीय. मीही कोयता घेऊन निघालो आहे.